मुसीकाठी खोळंबलेली बस

म्युझियमच्या फाटकापाशी मी पुन्हा माणसं मोजली. एक कमीच. नरसव्वा नव्हत्या.

सोलापूरच्या एका ट्रॅव्हल कंपनीत मी टूर मॅनेजर होतो. हुद्दा मोठा, काम म्हणजे पांगलेली माणसं बसमध्ये भरणं. सत्तरच्या दशकात आमची हैदराबाद टूर जोरात चालायची. मुसी नदीवरचे पूल, काठावरचं म्युझियम, चारमिनार, गोवळकोंडा.

म्युझियममध्ये एक घड्याळ आहे. त्यातला बाहुला बाहेर येऊन टोले देतो. सगळे माना उंच करून तो बघत असताना या बाई निघून गेल्या होत्या. विणकर घरातल्या, विधवा, सकाळपासून एक शब्द न बोललेल्या.

बसमध्ये कुरकुर सुरू झाली. पुढच्या सीटवरचे चादरींचे व्यापारी म्हणाले, एका बाईपायी आमचा किल्ला बुडवणार का? त्यांचंही चूक नव्हतं. पोलिसांत कळवायचं तर मालकांना ट्रंककॉल करावा लागणार, आणि मालक आधी मलाच झापणार. मी उन्हात नदीकाठानं निघालो. सकाळी ज्या इमारती बसमधून कौतुकानं दाखवल्या, त्यांच्या मागचे बोळ आता धुंडाळत होतो.

पुलाच्या कठड्याशी त्या सापडल्या. शेजारी अगदी त्यांच्याच नाकाची एक बाई. दोघी हातात हात घेऊन बसलेल्या.

माझा आवाज चढला. सांगून जायला काय झालं होतं, असं मी विचारलं.

"माजी धाकटी भैन हाय," नरसव्वा म्हणाल्या. "जातीबाहेर लगीन केलं म्हणून बापानं तोडली. आता माजं पोरगंबी भेटू देत न्हाय. सहलीला जाते म्हटलं, तर पाठवलं की."

सोलापुरातल्या शेजारणीकरवी धाकटीला आधीच निरोप गेला होता. बहिणीला त्या तरुणपणानंतर पहिल्यांदाच बघत होत्या. बस जाऊ द्या, मी मागनं येते, असंही म्हणाल्या. तसं मला चालणार नव्हतं, आणि त्यांना ओढून नेणंही जमेना.

शेवटी दोघींनाही बसमध्ये घातलं. बहिणीला माझी सीट दिली आणि मी ड्रायव्हरशेजारच्या तापलेल्या बॉनेटवर बसलो. गोवळकोंड्याला बाकीचे धापा टाकत वर चढले. या दोघी खाली भिंतीच्या सावलीत आपल्या घरच्या तेलुगूत बोलत राहिल्या. परतताना चारमिनारपाशी बहीण उतरली. नरसव्वा खिडकीतून मागं बघत राहिल्या.

व्यापाऱ्यांनी तक्रार केलीच. मालकांनी विचारलं, "लोकांचे पाहुणे फिरवायला बस काढलीय का आपण?"

तेव्हापासून बुकिंग घेताना मी विचारायचो, तिकडं कुणी नातेवाईक आहेत का. बहुतेक जण चटकन नाही म्हणायचे. जो जरा थांबून नाही म्हणायचा, त्याच्यावर मी घड्याळापाशी नजर ठेवायचो.