गावजेवणातलं माझं पातेलं

मिनेसोटातल्या त्या गावाची मला अजूनही शिसारी येते. थोडी स्वतःचीही येते, पण ते नंतर.

एक सिग्नल, एक चर्च, धान्याची दोन उंच कोठारं आणि छोटासा दवाखाना, एवढंच काय ते गाव. दवाखान्यात एकच डॉक्टर, ते म्हणजे आमचे हे. महिन्यातून एकदा चर्चच्या तळघरात गावजेवण असायचं. प्रत्येकीने घरून एक पदार्थ न्यायचा. आता पदार्थ म्हणजे काय, तर थरथरणारी हिरवी जेली, तिच्यात किसलेलं गाजर आणि वर मेयॉनीजचा गोळा. तरी मी निमूटपणे चमचाभर वाढून घ्यायची आणि गिळायची.

मी न्यायची बटाट्याची भाजी, मिरची अगदी नावाला घालून. चार वर्षं दर वेळी माझं पातेलं रिकामं आणि लख्ख घासून परत आलं. "एक फोडसुद्धा उरली नाही," असं आवराआवर करणारी शेजारीण सांगायची आणि मी बाई फुलून जायची. कोणाच्या ताटात भाजी फारशी दिसायची नाही, हे मला दिसत नव्हतं असं नाही. मागून घेत असतील, मी मनाशी म्हणायची.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर गावाला शंभर वर्षं झाली. त्याच सुमारास यांना मिशिगनमधल्या ॲन आर्बर शहरातून नोकरीचं बोलावणं आलं, आणि गाव म्हणत होतं, कायमचे इथेच राहा. यांनी निर्णय माझ्यावर सोडला. "तुला इथे आपलं वाटतं का?"

"चार वर्षांत माझी भाजी एकदाही उरली नाही," मी म्हटलं. "अजून काय पाहिजे?"

यांनी मेयरला होकार कळवून टाकला.

शंभरीच्या जेवणाला सगळं गाव लोटलं होतं. भाषणं सुरू झाली तशी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. शेजारीण माझं पातेलं बादलीत उपडं करून डावाने खरवडत होती. भाजीला कोणी हातही लावलेला नव्हता. बाजूला जेलीचे उरलेसुरले तुकडे मात्र नीट झाकून ठेवले होते.

"तुला वाईट वाटू नये म्हणून गं," ती गोड हसली. "तू किती मेहनत घेतेस. आणि वाया नाही जात हं, आमची डुकरं आवडीने खातात."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

चार वर्षं मी डुकरांसाठी फोडण्या घालत होते. तोंडावर म्हणाली असती की आम्हाला नाही आवडत, तर मी दुसरं काही नेलं असतं. भांडलेही असते. पण हा गोडवा! अंगावर पाल पडावी तसं झालं.

तेवढ्यात बाहेर मेयरने माइकवर जाहीर केलं, डॉक्टर कायमचे इथेच राहणार. टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारणीने हात पुसले, मला कवेत घेतलं आणि तशीच बाहेर नेलं. हे मंचावरून माझ्याकडे बघून हसत होते, माझ्या मनासारखं केल्याच्या आनंदात. मीही हसले, हातसुद्धा हलवला.

पुढे बावीस वर्षं आम्ही तिथे काढली. यांना वाटतं, माझ्यासाठी काढली.