बंदुकीचा कायदा

चांद्याहून आलेल्या साहेबाने बंदुकीसाठी हात पुढे केला आणि मी बंदूक त्याच्या पायापाशी जमिनीवर ठेवली. नीट ठेवली. आधी सांध्यात मोडून उघडली, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे पाहिलं, तोंड तळ्याकडे केलं, मग ठेवली. आणि मागे सरलो.

साहेबाचा हात तसाच राहिला.

"खाली का ठेवली रे?"

मी छाती काढून सांगितलं, "बंदुकीचा कायदा आहे साहेब. हातोहात द्याची नाई. एकानं खाली ठेवाची, मंग दुसऱ्यानं उचलाची."

मालगुजाराचा धाकटा मुलगा हसला. खुर्च्यांवरचे पाहुणे हसले. धाकटा डोळे पुसत म्हणाला, "साहेब, महार आहे हा. मी याच्या हातात कशी देऊ? याले वाटते, कायदाच आहे!"

साहेबही हसला.

मालगुजारी तेव्हा सरकारने काढून घेतली होती. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. जमीन त्यांची, तळं त्यांचं, बंदूक त्यांची. आमची बस्ती गावाच्या खालच्या अंगाला, आणि आमच्या धानाच्या बांध्या पार जंगलाला लागून. धान पोटरीत आलं की रानडुकरं उतरायची. आम्ही मचाणावर बसून टिनाचे डबे बडवायचो. डुकरं काय डब्याला भितात? एका डुकराने माझ्या बाची मांडी फाडली. तेव्हापासून तो लंगडत चालायचा.

धाकटा नागपूरला कॉलेजात शिकून आला. येताना एक लोखंडी यंत्र घेऊन आला. त्याची स्प्रिंग ओढून सोडली की मातीची काळी बशी भिरभिरत आभाळात जायची. ती उडतानाच छऱ्याच्या बंदुकीने फोडायची. शहरात हा खेळ असतो म्हणे. गाव त्या बशीला मातीची चिडी म्हणायचं. मी त्याच्याच वयाचा, त्याच्याच घरचा सालगडी.

एके दिवशी मला म्हणाला, "मले मालक नोको म्हणू. राज्य आता आपलं आहे. भाऊ म्हण."

मी भाऊ म्हणायला लागलो. आधी जीभ अडखळायची. मग गोड लागायला लागलं. खोटं कशाला बोलू?

तोच म्हणाला, "तुले बंदूक शिकवतो. साहेब आला का त्याच्यासमोर चिडी फोडून दाखव. तुमच्या बस्तीले लायसन भेटते. मंग डुकरं येतात का पाह्य."

धान कापून झालेल्या बांधीत शिकवणी सुरू झाली. नळी एक तर आभाळाकडे, नाहीतर मातीकडे, माणसाकडे कधीच नाही. बार टाकायचा नसेल तोवर बोट चापाबाहेर. दस्ता खांद्याच्या खळग्यात घट्ट, गाल दस्त्याला चिकटलेला. मी दस्ता सैल धरला आणि पहिल्याच बाराला खांदा काळानिळा झाला. मी एक डोळा मिटायचो, तो ओरडायचा, "दोन्ही उघडे ठेव!" चिडीवर नेम धरला की ती निघून गेलेली असायची. तिच्या पुढे मारायचं, आणि बार झाला तरी नळी थांबवायची नाही, तिच्या वाटेने जाऊ द्यायची. हे कळायला मला फार दिवस लागले. पहिली चिडी फुटली आणि आभाळात काळा धुरळा झाला, तेव्हा तो "शाब्बास!" म्हणून ओरडला. मला रडूच आलं.

आणि शेवटचा कायदा. बंदूक हातोहात द्यायची नाही. तो ती धुऱ्यावर, बांधीच्या कडेच्या बांधावर, ठेवायचा, मागे सरायचा, मग मी उचलायचो. माझं झालं की मी ठेवायचो.

तुम्ही म्हणाल, महाराच्या पोराला एवढं कळू नये? वरून टाकलेली भाकर मी ओळखत होतो. वरून ओतलेलं पाणी ओळखत होतो. पण बंदूक लोखंडाची, बाहेरून आलेली. तिचे कायदे वेगळे असतील असं वाटलं. आणि सांगणारा भाऊ होता.

संध्याकाळी मी बस्तीत सगळ्यांना शिकवायचो. बंदूक कुठली? बांबूची काठी. लायसन आलं तर सगळ्यांना यायला पाहिजे. फाटक्या मांडीचा माझा बा खाली वाकताना कण्हायचा. कधी थकून काठी सरळ माझ्या हातातच द्यायचा. मी म्हणायचो, "बा, हातात नोको देऊ. कायदा मोडते." तो पुन्हा वाकायचा.

माझा अपमान एक वेळ गिळला असता. पण धाकट्याने माझ्याच तोंडून माझ्या बाला वाकवलं.

त्या दिवशी साहेबापुढे काही चिड्या मी फोडल्या, काही सुटल्या. साहेब म्हणाला होता, "ठीक मारतो." लायसन तेवढ्यावर आलं असतं. पण हसणं झालं आणि धाकट्याने जमिनीवरची बंदूक उचलून साहेबाच्या हातात दिली. साहेबाने शेजारच्या वकिलाच्या हातात. वकिलाने ठेकेदाराच्या. मी पाहत उभा होतो. कुठे गेला कायदा?

फिरत फिरत बंदूक धाकट्याकडे आली. त्याने ती माझ्यासमोर जमिनीवर ठेवली, काडतुसं शेजारी टाकली. "चाल, आणखी एक फोड. साहेबाले मजा येऊन राह्यली."

मी बंदूक उचलली. काडतुसांना हात लावला नाही. मोडून उघडली, रिकाम्या नळ्या सगळ्यांना दिसतील अशी धरली आणि दस्ता त्याच्यापुढे केला.

"घ्या भाऊ. हातात घ्या."

"खाली ठेव."

"हातात घ्या."

तो जवळ आला. शिवणार नाही इतका जवळ. हळूच म्हणाला, "लायसन पायजे ना? गुमान ठेव खाली."

पलीकडच्या धुऱ्यावर आमची माणसं बसली होती. बा काठीला रेलून उठला होता. माझे हात भरून आले होते. ठेवली असती तर पुढच्या हंगामाला बस्तीचं धान वाचलं असतं. हे मला तेव्हाही कळत होतं, आजही कळतं.

मी चालत गेलो आणि बंदूक त्याच्या रिकाम्या खुर्चीत ठेवली. बरोबर गादीवर. मागून तो ओरडत राहिला, "उचल! उचल ते तिथून!" मी धुऱ्यावर पोचलो. बाने काठी माझ्यापुढे धरली. मी ती त्याच्या हातातून घेतली.

लायसन आलं नाही. सालगड्याचं काम गेलं. पुढच्या हंगामाला अर्ध्याहून जास्त धान डुकरांनी खाल्लं. आम्ही मोहफुलं आणि कंद खाऊन दिवस काढले.

काही वर्षांनी तो मतं मागायला बस्तीत आला. खादी घातलेली, हात जोडलेले. मला भाऊ म्हणाला. निशाणीचा कागद माझ्या ओट्यावर ठेवला आणि मागे सरला. माझं लेकरू कागद उचलायला धावलं. मी त्याचा हात धरला.

"राहू दे तिथीच," मी म्हणालो. "द्याचा असंन तर हातात देतीन."

तो निघून गेला. कागद ओट्यावरच पडून राहिला. खाली ठेवलेलं मी उचलत नाही. माझं लेकरूही उचलणार नाही.