पातळ डाळीला अर्धा दिवस

नेकनूरच्या मावशीइतकं खरं बोलणारं माणूस बीड जिल्ह्यात दुसरं असेल, तर त्याला मी प्रश्न विचारलेले नाहीत. आणि प्रश्न विचारणं हाच माझा पाच वर्षं धंदा होता. मावशी माझ्या नात्यातली नव्हे. ऊसतोड कुटुंबांतल्या लेकरांच्या तब्येतीची पाहणी परदेशी मदतीवर चालायची, तिच्या यादीत मावशीचं घर निघालं, एवढंच आमचं नातं. दर चार महिन्यांनी मी टॅब घेऊन गेलो की ती धुतलेलं लुगडं नेसून, शेजारणींना हाकलून, कोर्टात साक्षीला बसावं तशी ओट्यावर बसायची. आठवड्यात किती दिवस डाळ खाल्ली, असं विचारलं की बोटांवर मोजत म्हणायची, "मंगळवारची लई पातळ व्हती. तिला अर्धा दिस लिव." टॅबला अर्धा दिवस चालत नसे. मी एक लिहू लागलो की भडकायची, "पान्याला डाळ म्हनतो व्हय रे?" शेवटी मी शेऱ्यात 'डाळ पातळ' असं लिहायचो आणि ऑफिसची बोलणी खायचो. नातीचं वजन करताना तर तिच्या पायातले वाळे, गळ्यातला दृष्टीचा काळा दोरासुद्धा काढून ठेवायची. "आपुनच खोटं सांगितलं, तर तिकडल्या लोकायला कसं कळंल?"

तिकडच्या लोकांनी मदतच थांबवली. एका फोनवर पाहणी बंद झाली, टॅब जमा झाले. ज्यांना वर्षानुवर्षं खोदून खोदून विचारलं, त्यांना 'आता येणार नाही' एवढं सांगायलाही आम्हाला कुणी पाठवलं नाही. आणि मीही आपणहून गेलो नाही.

ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर मावशी बाजारात भेटली. माझं मनगटच धरलं. "कावून आला न्हाईस? दोन खेपा वाट बगितली."

"काम बंद झालं, मावशी."

"बरं. पन एवढं लिवून घे. नात गेली. सुनंनं संगं नेलती. उसाच्या फडावर ताप आला, दोन दिसात गेली."

"आता लिहून कुणाला पाठवू?" एवढंच बोललो.

"मंग तुमच्या लिवन्यात ती जितीच हाय?"

"हो." शेवटची नोंद मला पाठ होती : वजन सात किलो दोनशे, तब्येत चांगली.

मावशीनं माझं मनगट सोडलं. मग हळूच म्हणाली, "असू दे. तसंच असू दे."

मी तिच्या हातातली भाजीची पिशवी घेतली आणि घरापर्यंत सोबत गेलो. वाटेत मी तिला काही विचारलं नाही.