ताईने भाव केला नाही

माझा धंदा जुन्या दारं-खिडक्यांचा. कुठे बंगला किंवा चाळ पाडायची असली की पहिला मी पोचायचो. चौकटीवर बोटाने टकटक करून लाकूड ओळखायचं आणि मालकाने तोंड उघडायच्या आत आपला भाव ऐकवायचा, ही माझी पद्धत. नाहूरला गोदाम, मुलुंडला घर. हे सगळं मी शून्यातून उभं केलं असं लोकांना सांगत आलोय. ते खोटं नाही, फक्त त्यातली चार दारं मी सांगत नाही. माझा पहिला माल म्हणजे पारल्याच्या एका बंगल्याची चार सागवानी दारं, आणि ती मला थोरल्या बहिणीने घेऊन दिली होती. ती तेव्हा इथे नर्स होती.

पुढे ताई अमेरिकेत नोकरीला गेली आणि लुइझियानात तिने एका क्रिओल माणसाशी लग्न केलं. फ्रेंच, आफ्रिकन, स्पॅनिश अशी सरमिसळ होऊन त्या मातीत रुजलेले ते लोक. हा रंगाने काळा. लग्न झाल्यावर तिचं पत्र आलं, आधी नाही. विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं, पण विचारायला हवं होतं. मी उत्तर दिलं नाही. आई आधीच गेली होती; वडील गेले तेव्हा तार केली. ती येऊ शकली नाही, आणि मग मी पाच वर्षं तिला एक ओळ लिहिली नाही.

लिहायची वेळ आली ती जागेमुळे. गिरणीत जन्म काढलेल्या वडिलांनी मुलुंडला एक बैठं घर घेतलं होतं. मला ते पाडून तिथे इमारत उठवायची होती आणि त्यासाठी ताईने आपला हक्क सोडल्याची सही लागत होती. वकील म्हणाला, "पोस्टाने पाठवा की."

मी म्हटलं, "समोर बसल्याशिवाय सौदा होत नाही."

ऐंशी सालानंतर तीन-चार वर्षांनी, हिवाळ्यात, मी निघालो. विमानात तीन आकडे मनाशी ठरवले. पहिला तिला राग येईल असा, दुसरा रडवेल असा, तिसरा खरा.

ताईचं घर लाकडी होतं, विटांच्या खांबांवर जमिनीपासून उचललेलं. पुढे ओसरी आणि उंच झडपांच्या खिडक्या. मी सवयीने एका झडपेवर टकटक केली. आवाज भरीव आला, पण सागाचा नव्हता. आतून तिचा नवरा आला. धिप्पाड, पन्नाशीला टेकलेला, शाळेची बस चालवणारा. त्यानेही माझ्या शेजारी उभं राहून टकटक केली आणि म्हणाला, "सायप्रस." ते लाकूड पाण्यात पडून राहिलं तरी कुजत नाही, हे त्याने हातवारे करून समजावलं. माझ्या मनात लगेच आलं, अशा आठ झडपा मुलुंडला किती वेळात खपतील.

शनिवारी सकाळी तो मला मासळी आणायला घेऊन गेला. रस्त्याकडेला बर्फाच्या पेट्या, कोळंबी, खेकडे. त्याला पैसे काढू न देता मीच पुढे झालो आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत भाव पाडायला लागलो. विकणारा म्हातारा माझ्याकडे बघायचा, मग याच्याकडे बघायचा, आणि हसायचा. शेवटी भाव त्याचाच राहिला, पण पुडा बांधताना त्याने दोन मुठी कोळंबी वर टाकली. ताईचा नवरा म्हणाला, "लान्याप." मला वाटलं, दोन मुठी सोडतोय म्हणजे वजनात मारलं असणार. मी बोट दाखवून म्हटलं, "वन मोर." म्हाताऱ्याने टाकली तिसरी मूठ, पण त्याचं हसू गेलं.

घरी ताईला हे कळल्यावर तिने कपाळाला हात लावला. "अरे, लान्याप म्हणजे दुकानदाराने आपल्या खुशीने वर दिलेलं. मागितलं की ते लान्याप राहत नाही."

"भाजीवाल्याकडे कोथिंबीर आपण मागूनच घेतो ना!"

"तू हिसकावून घेतोस, मेल्या."

तिच्या नवऱ्याला तिने हे सांगितलं तसा तो पोट धरून हसला. मला राग आला. माझ्यासमोर माझ्यावर हसण्याइतकी आमची ओळख झाली नव्हती.

मग तो रांधायला बसला. गंबो करायचा होता. जाड बुडाच्या पातेल्यात तेल आणि मैदा घालून तो ढवळत राहिला. पाऊण तास त्याचा हात थांबला नाही. पीठ पांढऱ्याचं बदामी झालं, मग विटेच्या रंगाचं, मग जुन्या सागासारखं काळपट. आईने कुळथाचं पीठ भाजायला घेतल्यासारखा वास घरभर झाला. ताई म्हणाली, "आता याला फोन आला तरी हलणार नाही. हात थांबला की जळलं." मग कांदा, भोपळी मिरची, भेंडी, खेकडे, कोळंबी. शेवटी एका झाडाच्या वाळवलेल्या पानांची हिरवट पूड. माझ्यासाठी गायीचं काही घातलं नव्हतं, आणि डुकराचं वेगळ्या भांड्यात ठेवलं होतं. हे मी न सांगता त्यानेच केलं होतं.

पातेलं रटरटत असताना मी कागद काढले. सुरुवात दुःखापासून करायची, हे ठरलेलं. "ताई, धंद्यात दिवस वाईट चाललेत..."

ती कांद्याचे हात पुसून म्हणाली, "कुठे सही करू?"

"आधी ऐक तरी. तुझा हिस्सा आहे. तू बोल, किती..."

"काही नको."

"असं कसं काही नको? आकडा बोल."

"एवढ्या लांब घासाघीस करायला आलास काय रे? नोटरी सोमवारी आहे. तेव्हा करीन." मग नवऱ्याकडे न बघता, मराठीतच म्हणाली, "पुढे कधीतरी आम्ही येऊ. घर पाडण्याआधी. यांना आत घे, पाटावर बसव आणि जेवायला वाढ. आईच्या घरात. बस्स."

"त्यात काय मोठंसं," मी म्हटलं. तीन आकडे तसेच घशात राहिले.

जेवलो मात्र मी पोटभर. भात आणि वर ते दाट कालवण. कोकणी माणसाला आणखी काय लागतं! तिसऱ्यांदा वाढून घेतलं तेव्हा तो ताईला काहीतरी म्हणाला. "काय म्हणतोय?" मी विचारलं.

"म्हणतो, तुझा भाऊ भाव करतो, पण खातो इमानदारीत."

रविवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये नाच होता. तो अकॉर्डियन वाजवायचा. शेजारच्या माणसाने पन्हाळीचा पत्रा बंडीसारखा खांद्यांवरून छातीवर अडकवला होता आणि दोन्ही हातांनी चमचे घासून तो ताल धरत होता. असा पत्रा मी छपरांवरून शेकड्याने उतरवलाय, त्यातून असं काही निघेल असं वाटलं नव्हतं. म्हाताऱ्या बायका, पोरं, सगळे नाचत होते. गाणी फ्रेंचमध्ये. ताईने कानात सांगितलं की ही भाषा शाळेत बोलला म्हणून तो लहानपणी मार खायचा, आणि आता फक्त गाण्यातच ती तोंड भरून बोलतो. मला माझ्या शाळेतल्या बाई आठवल्या. मालवणीत उत्तर दिलं की वर्गासमोर उभं करायच्या.

मध्येच त्याने वाजवणं थांबवलं आणि माझ्याकडे हात करून काही म्हटलं. सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. "माझ्या बायकोचा भाऊ म्हणून ओळख करून दिली," ताई म्हणाली. एका आजीने मला ओढून नाचायला नेलं. मला एक पाऊलही धड टाकता येत नव्हतं. कोणी हसलं नाही. ज्याला मी तोवर एकदाही भावोजी म्हटलं नव्हतं, त्याचा मी त्या हॉलभर मेहुणा होतो.

सोमवारी सही झाली. मी घरी आलो.

दोन वर्षांनी ती दोघं मुंबईला आली आणि पारल्याला ताईच्या एका मैत्रिणीकडे उतरली. इमारतीचे नकाशे मंजूर झाले होते, पण घर अजून उभं होतं. माझ्या बायकोने खेकडे सांगून ठेवले, पाट घासून ठेवले. मी मात्र आठवडाभर गल्लीकडे बघत होतो. समोरचे दोघे, शेजारचे तिघे, सगळी माझी गिऱ्हाइकं. ताईने कोणाशी लग्न केलं हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. तो ओसरीवर बसेल, पेटी काढून वाजवेल, पोरं जमतील. उद्या गोदामात लोक काय बोलतील ते मला आधीच ऐकू येत होतं.

मी ताईला फोन केला. "घरात रंगकाम काढलंय. पुढचं दार ओलं आहे, आत पाय ठेवायला जागा नाही. आपण हॉटेलात जेवू."

घाटकोपरच्या एका हॉटेलच्या थंडगार खोलीत आम्ही पंजाबी जेवलो. त्याने अकॉर्डियन आणलं होतं, ते खुर्चीखाली राहिलं. त्याने मला जेवणाबद्दल चारदा धन्यवाद दिले. ताईने एकदाच विचारलं, "रंग कुठला लावतोयस?"

"क्रीम."

तिने माझ्या हातांकडे बघितलं. वडील असताना घराला रंग नेहमी मीच लावायचो, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! निघताना तिने माझ्या बायकोच्या हातात एक बाटली दिली. पानांची ती हिरवट पूड. आईच्या चुलीवर तो गंबो करणार होता.

त्यानंतर ताईचं नववर्षाचं कार्ड येतं. त्यात सगळ्यांना शुभेच्छा असतात, माझ्या नावाने वेगळं काही नसतं.

घर पाडलं त्या दिवशी बायकोने सांगितलं, "हॉटेलच्या दुसऱ्या दिवशी त्या आल्या होत्या."

"कोण?"

"ताई. दोघंही. समोरच्या फुटपाथवर उभी होती. त्या बोटाने दार दाखवत होत्या त्यांना."

आमचं दार हिरवं होतं, पोपडे सुटलेलं. वडिलांनंतर त्याला कोणी ब्रश लावला नव्हता.

"मग हाक मारायचीस!"

"मारली. त्यांनी हात हलवला आणि गेल्या. तुम्हाला तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही माझ्यावरच ओरडला असता." ओरडलो असतोच. त्या दिवशीही ओरडलो.

मला ताईचा राग अजून येतो. तिने भाव करायला हवा होता. तिसरा आकडा घेतला असता, चौथा मागितला असता, तर मी शिव्या देत दिला असता आणि आमचं फिटलं असतं. तिने फुकट सही केली, आणि वर जे एक मागितलं ते माझ्याच्याने देववलं नाही. मी दोनदा पत्र लिहायला बसलो. पहिल्यात माझ्या अडचणी लिहिल्या गेल्या, दुसऱ्यात तिच्या चुका. दोन्ही फाडली. तिसरं लिहिलं तर त्यात "भावोजींना घेऊन ये" एवढंच असायला हवं, पण आता कुठल्या घरी बोलावू? नव्या इमारतीत आमचा ब्लॉक तिसऱ्या मजल्यावर आहे. आईची चूल तिथे नाही.

ते हिरवं दार मी नाहूरच्या गोदामात भिंतीला टेकवून ठेवलंय. अस्सल साग आहे, गिऱ्हाइकाचं लक्ष जातंच. मी मुद्दाम वाटेल तो भाव सांगतो, म्हणजे तो निघून जातो. मागच्या महिन्यात बोरिवलीचा एक जण आला, त्याने दारावर टकटक केली, मान हलवली आणि भाव न करता म्हणाला, "चालेल, घेतो." माझं डोकं फिरलं. त्याला मी नाही नाही ते बोललो आणि गोदामाबाहेर काढला.

बायको डबा घेऊन आली होती. तिने सगळं ऐकलं. म्हणाली, "विकायचं नाही ना? मग भाव कशाला सांगता?"