पत्र्याखालचा संगणक

आमच्या घरातला पहिला संगणक कोणी जोडला याविषयी आजही तीन मते सांगितली जातात. त्यांतली दोन एकट्या माझ्या मेहुण्याची आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. नांदेडच्या लग्नकार्यांत तो सांगतो की दाजींना यंत्र त्याने पूर्ण जोडून एसटीत ठेवून दिले. लातुरात माझ्यासमोर बसला की म्हणतो, "मी आपलं मार्गदर्शन केलं." तिसरे मत शेजारच्या निवृत्त तलाठ्यांचे, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मी ते हातोडीने जोडले. उभा जन्म मी गणित शिकवले. विधान करणाऱ्याने सिद्धता द्यावी, ही माझी अट वर्गात होती आणि घरातही आहे. या दोघांकडे सिद्धता नाही. माझ्याकडे आहे, म्हणून लिहितो.

प्रथम जागेविषयी, कारण सगळा घोटाळा जागेपासून सुरू होतो. यंत्र घरात नव्हते. अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये होते. भूकंपाला तेव्हा सहावे वर्ष लागले होते आणि आम्ही दोघे अजून शेडमध्येच राहत होतो. घराला काहीही झाले नव्हते. गिलाव्याला एक तडा गेला होता, तोही केसाएवढा. इंजिनीअरने स्लॅब पाहून निर्वाळा दिला तेव्हा माझ्या पत्नीने त्याला चहा दिला आणि विचारले, "तुम्ही सोता कुठं झोपून राहिलात सध्या?"

तो म्हणाला, "अंगणात."

तो विषय तिथेच संपला.

तिची मावशी औसा तालुक्यातल्या एका खेड्यात भूकंपात मातीच्या माळवदाखाली गेली. आई लहानपणीच वारल्यामुळे त्याच मावशीने तिला आणि तिच्या भावाला, म्हणजे या मेहुण्याला, वाढवले होते. तिसऱ्या दिवशी आम्ही तिथे पोचलो. तिने जे पाहिले ते मीही पाहिले. त्याचे वर्णन करणारे पुष्कळ आहेत, मी करणार नाही. परत आल्यावर तिने झोपायच्या बाजा अंगणात काढल्या. पुढे गल्लीतले एकेक कुटुंब आपापल्या छपराखाली परतले, आमची मुले शिकून नोकरीला बाहेर पडली, ती मात्र आत गेली नाही. काही आणायला जावेच लागले तर आधी दाराच्या फटीत दगड ठेवी, म्हणजे हादऱ्याने दार अडकू नये, आणि वस्तू घेऊन पाण्यातून वर यावे तशी बाहेर येई. शेडमधल्या फळीवर स्टीलच्या फुलपात्रांची उतरंड असे. जमीन हललीच तर पहिल्यांदा ती खडखडावी, हा हेतू. एके काळी निम्म्या लातुरात अशा उतरंडी होत्या. सहाव्या वर्षी बहुधा आमचीच उरली होती. मी तिला एकदाही 'आत चल' म्हटले नाही. ती जिथे, तिथे माझी बाज.

मी निवृत्त झालो तो काळ लातुरात क्लासच्या सुगीचा होता. नांदेड, परभणी, बीडकडची मुले पत्र्याच्या ट्रंका घेऊन स्टँडवर उतरत आणि गल्लीतली एकही माडी रिकामी राहत नसे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानेही क्लास काढला होता. त्याला दर आठवड्याला गणिताची चाचणी हवी होती आणि ती माझ्याच हातची हवी होती. टाइपवाल्याकडे वर्गमुळाचे छप्पर अंकांवर कधी नीट बसत नसे. कधी ते शेजारच्या अंकावर जाई, कधी नाहीसेच होई, आणि उत्तर चुकले की नाव माझे खराब होई. तेव्हा पेपर स्वतःच्या यंत्रावर, स्वतः करायचे ठरवले. त्यावर बुद्धिबळही खेळता येते असे कळले होते. आणखी एक काम मनात होते. मेहुण्याने एका दिवाळीत मावशीच्या जात्यावरच्या ओव्या टेप करून ठेवल्या होत्या. ती एकच कॅसेट. ऐकून ऐकून तिचा आवाज विहिरीतून आल्यासारखा झाला होता. ती यंत्रात उतरवून घ्यायची होती.

लातूरचा दुकानदार म्हणाला, "सर, तयारच घ्या. या वयात पेचकस कशाला धरता हातात?"

त्या 'या वयात'ने माझा निर्णय पक्का केला. सुटे भाग नांदेडला निवडून मिळतात असे मेहुण्याने कळवले होते, म्हणून मी नांदेड गाठले. त्याने मला दुकान दाखवले, दोन दिवस उत्तम जेवू घातले आणि दुकानदाराला सांगितले, "दाजींना जोडूनच द्या हो, नाहीतर वायरी उलट्या लावतील." मी जोडू दिले नाही. प्रत्येक भाग वेगळ्या खोक्यात घेतला. वॉरंटीचे कागद मेहुण्याने 'मी सांभाळतो' म्हणून ठेवून घेतले. ते तो अद्याप सांभाळतो आहे, कारण पुन्हा ते कोणाला दिसलेले नाहीत. त्याचे योगदान इतकेच.

अहमदपूरला बस बदलावी लागली. मॉनिटरचे खोके मी शेजारच्या आसनावर ठेवले होते. कंडक्टर म्हणाला, "ओ सर, टीव्हीचं अर्धं तिकीट लागंल."

"हा टीव्ही नाही. संगणक आहे."

"मंग तर पुरं लागंल. एवढा शिकलेला गडी अर्ध्या तिकिटावर कसा जाईल?"

बस हसली. मी तिकीट न काढता खोके मांडीवर घेतले आणि लातूरपर्यंत पाय हलवले नाहीत. मेहुण्याच्या कथेत यंत्र जोडलेले होते. मग मांडीवर एक खोके आणि पायांशी पाच खोकी कशी होती, हे त्याने सांगावे.

जोडणीला तीन दिवस लागले. शेडमध्ये चादर अंथरून मी भाग मांडले. प्रोसेसरवरची पांढरी पेस्ट विड्याच्या पानाला चुना लावावा तेवढीच लावली. रॅमची पट्टी दोन्ही टोकांनी 'टक्' म्हणेपर्यंत दाबली. सर्व जोडून बटण दाबले आणि काही झाले नाही. दुसरा दिवस सगळे उलगडून पुन्हा जोडण्यात गेला, तरीही नाही. तलाठी कुंपणावरून म्हणाले, "गुरुजी, नारळ फोडला का?" तिसऱ्या दिवशी कॅबिनेटच्या कागदी पुडीत उरलेल्या पितळी खुंट्यांकडे माझे लक्ष गेले. मदरबोर्ड या खुंट्यांवर उभा राहतो. मी तो थेट लोखंडी पत्र्यावर टेकवला होता, म्हणून आत शॉर्ट होत होते. चूक माझी होती आणि शोधलीही मीच. हातोडी शेडमध्ये होती हे खरे. ती टेबलाच्या पायाला पाचर ठोकण्यापुरती.

संध्याकाळी यंत्र सुरू झाले. आता तलाठ्यांच्या दुसऱ्या विधानाकडे येतो: माझ्या संगणकाने गल्लीत भूकंप आणला. घडले ते असे. स्पीकर ठेवायला मला फळी रिकामी हवी होती, आणि पत्नीने फुलपात्रांची उतरंड तिथून काढून मॉनिटरच्या डोक्यावर रचली. तिच्या दृष्टीने ती सर्वांत उंच आणि सपाट जागा. त्या जुन्या मॉनिटरांची एक खोड होती. बटण दाबले की आत 'ठप्प' असा आवाज होऊन सगळा डबा क्षणभर शहारत असे. मी बटण दाबले, डबा शहारला, आणि सात फुलपात्रे फरशीवर आली.

पत्नी अंगणाच्या मध्यावर पोचली तेव्हा फुलपात्रे अजून घरंगळत होती. "पळा, पळा!" ही तिची हाक, ती ऐकून गल्ली बाहेर आली. तलाठी सर्वांच्या आधी आले, अंगावर पंचा आणि अर्ध्या गालाला साबण. हा तपशील ते आपल्या कथेत वगळतात. मी सर्वांना शेडमध्ये बोलावून बटण पुन्हा दाबून दाखवले. लोक हसत परतले. पत्नी हसली नाही. तिने फुलपात्रे पुसली आणि उतरंड जमिनीवर, माझ्या बाजेच्या पायाशी रचली. त्या दिवसापासून मी मॉनिटर सुरू करण्याआधी "लावतोय गं" असे सांगू लागलो.

ओव्या उतरवून घेतल्या. टेपची वायर साउंड कार्डात जोडून अख्खी कॅसेट यंत्रात भरली. ते बरेच झाले म्हणायचे, कारण महिनाभराने टेपने ती कॅसेट गिळली, आणि आता मावशीचा आवाज जगात एकाच जागी उरला. सकाळची कामे आटोपली की पत्नी टेबलाशी येई. "लावा की," एवढेच म्हणे.

मग एप्रिल आला. लातूरचे ऊन आणि वर पत्रा; दुपारी शेडमध्ये पितळेच्या भांड्याला हात लावता येत नसे. यंत्र आधी दुपारी बाराला बंद पडू लागले, मग अकराला. मी कॅबिनेटची एक बाजू काढली, टेबलफॅन लावला, पत्र्यावर ओली गोणपाटे टाकली. मेहुण्याने फोनवरून सल्ला दिला, "दाजी, कूलर लावा की समोर." मी लावला. आठ दिवसांत ओव्या अडखळू लागल्या. कार्ड काढून पाहिले तर कूलरच्या दमट हवेने त्याच्या पट्टीवर हिरवट थर धरला होता. तो मी खोडरबराने घासून काढला. हा सल्लाही मेहुण्याच्या कथेत कधी येत नाही.

सगळ्यांचे सांगणे एकच, की यंत्र घरात न्या. क्लासवाला विद्यार्थी काकुळतीने म्हणाला, "सर, आत पंख्याखाली ठेवलं की झालं ना. पोरांची परीक्षा तोंडावर आहे." त्याला हे समजणे शक्य नव्हते. यंत्र आत म्हणजे मी दिवसभर आत. आणि ती शेडमध्ये एकटी, माझ्यावरच्या स्लॅबकडे पाहत. सहा वर्षे मी जे केले नव्हते ते एका यंत्रासाठी करणार नव्हतो. एक दिवस सकाळी दहाला, अर्धा पेपर झालेला असताना, पडदा काळा झाला. मी तिला काही न सांगता टोपी घातली आणि क्लासवर जाऊन सांगितले की पेपर दुसऱ्या कोणाकडून करून घे. त्याने फार आर्जवे केली. मी ऐकले नाही.

परत आलो तर शेडमध्ये टेबल रिकामे होते. मॉनिटर नाही, कॅबिनेट नाही, उतरंडही नाही. चोरी झाली असे वाटून मी वळलो, तेव्हा घराच्या दाराच्या फटीत दगड दिसला.

ती आत होती. मधल्या खोलीत, स्लॅबखाली, जमिनीवर बसून यंत्राच्या मागच्या बाजूला डोके घातलेले. फुलपात्रे कपाटावर रचलेली. मला पाहून म्हणाली, "बघा की, हे वायरीचं हिरवं टोक बसंना. जांभळं बसलं."

"उलटं धरलंस. फिरव." मी उंबऱ्यातच उभा होतो. "अगं, कशाला हे? मी पेपराला नाही म्हणून आलो."

"तुमच्या पेपरासाठी कोण करून राहिलंय? मावशी हाय ह्यात. रोज दहाला बंद पडून राहिलं. एक दिवस उठायचंच न्हाई. किती दिवस उन्हात ठेवायची तिला?"

"मला सांगायचं. मी उचलून ठेवलं असतं."

"तुम्ही ठेवलं असतं. अन् मी बाहेरून ऐकत बसले असते व्हय?"

मी आत गेलो. यंत्र सुरू केले. "लावतोय गं," म्हणालो. तिने कपाटाकडे पाहिले. उतरंड हलली नाही. एकेक ओवी होत गेली आणि ती तशीच बसून राहिली. तिच्या मानेवर, कॅबिनेट खांद्यावर घेतल्याचा लाल वळ उठला होता.

त्या रात्री ती शेडमध्येच झोपली, आणि पुढे कित्येक रात्री. दिवसा मात्र आत बसू लागली. आधी ओव्यांपुरती, मग यंत्रावरच्या पत्त्यांच्या डावापुरती, जो ती खेळत असे आणि खेळत नाही म्हणून सांगत असे. दसऱ्याला तिने स्वतःची बाज आत नेली. माझी मागोमाग गेली. क्लासवाल्याला दिलेले 'नाही' मी दुसऱ्याच दिवशी परत घेतले होते. आयुष्यात परत घेतलेले माझे शब्द मोजकेच आहेत.

हे सगळे लिहिण्याचे कारण गेल्या दिवाळीत घडले. सगळे जमले असताना मुलगा नातसुनेला सांगत होता, "बाबांच्या कॉम्प्युटरनं आईला घरात आणलं." मेहुण्याने मान डोलावून, "अन् जोडला कुणी?" असे पुढे सुरू केले. मी काठी टेकून उठलो. सांगितले की हे साफ खोटे आहे. यंत्र मी जोडले, परंतु ते कोणाला कुठे आणत नाही. तिने ते नेले, स्वतःच्या खांद्यावर, भर उन्हात, मी घरी नसताना, तीन खेपांत.

पत्नी मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चार."

"तीन. मॉनिटर, कॅबिनेट, आणि बाकीचं सटरफटर."

"अन् फुलपात्रं कुणी नेली? तुमच्या तलाठ्यानं?" ती म्हणाली. "ती शेवटी नेली. सगळं आत जाईपर्यंत ती शेडातच ठेवली होती, ऐकायला."

मेहुणा मोठ्याने हसला. हसू दे. मी वाद घातला नाही, कारण तिच्याकडे सिद्धता होती. त्याप्रमाणे येथे दुरुस्ती करतो. खेपा चार झाल्या. तीन वेळा ती ओझे ठेवून बाहेर आली. चौथ्यांदा सात फुलपात्रे घेऊन आत गेली, ती कपाटावर रचली, आणि बाहेर न येता खाली बसून वायरी जोडू लागली.