शेजाऱ्यांचा रबरी बेडूक

जपानमधल्या त्सुकुबातले आमचे शेजारी उन्हाळ्यात दर रविवारी तळ्यावर बास मासा धरायला जातात. काठावर आधी तासभर खोट्या आमिषांचा डबा उघडून बसतात आणि मंडईत वांगी निवडावीत तसा एकेक रबरी बेडूक दाबून, उलटून बघतात.

"ऊन चढलं की मासा कमळाच्या पानांखाली जातो. तिथे बेडूकच हवा!"

"तीन उन्हाळ्यांत एक तरी लागला का?" मी नेहमी डिवचायचो.

परवा बेडकावर झडप पडली, दोरी ताणली गेली आणि लगेच सैल झाली. मी हळहळलो. त्यांनी बेडूक ओढून घेतला, तर त्याला गळच नव्हता.

"पहिल्याच दिवशी काढून टाकला. माशाला बेडूक आवडला ना? मग झालं!"

मी डब्यात डोकावलो. "आता पिवळा देऊन बघा."