बाबांच्या कॅसेटमधली खटखट

आमचं कुरुंदा गाव सोडून मी नोकरीसाठी पुण्याला निघालो, तेव्हा बाबा फाट्यावर एसटीच्या खिडकीशी उभे होते. गाडी हलल्यावर एवढंच म्हणाले, "पोचलास की कळव." घरात तेव्हा फोन नव्हता आणि बाबांना लिहायचा भारी कंटाळा. म्हणून मी पत्र पाठवायचो आणि ते टेपरेकॉर्डरसमोर बसून कॅसेट भरायचे, पुण्याकडे येणाऱ्या कोणाच्या तरी हाती द्यायचे.

त्या कॅसेटींवर मी मूर्खासारखी गाणी भरली. एकच वाचली, पहिल्या वर्षाची. सुट्टी टाकून हळदीच्या कामाला येतो, असं मी लिहिलं होतं. त्यावर बाबांचं उत्तर आहे, "हळद कवाच निघाली. शिजवून, वाळवून पोती मार्केटला गेली बी. आता काम न्हाई. तू तुझी नोकरी बघ, येऊ नको." मी गेलो नाही. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं, कारण नव्या साहेबापुढे सुट्टीसाठी तोंड वेंगाडायची माझी तयारी नव्हती.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. यंदा मायने हट्ट धरला, त्यांचा आवाज मोबाइलवर घालून दे. मी कॅसेट लॅपटॉपवर उतरवली, तर बोलण्यात जागोजाग खट्, खट्. तेव्हाही हे ऐकलं होतं आणि कॅसेट खराब म्हणून सोडून दिलं होतं. आता इलाज होता. बारीक खटखट सॉफ्टवेअरनेच काढली. मोठी उरली ती मी हेडफोन लावून शोधली, पडद्यावरच्या आवाजाच्या रेघेत उभा काटा दिसला की पुसला. दोन रविवार त्यात गेले. बाबा शेजारच्या खोलीत बोलत असावेत इतका आवाज स्वच्छ झाला आणि मी स्वतःवरच खूश झालो.

गावी जाऊन मायला ऐकवलं. तिने डोळे पुसले, पुन्हा लावायला सांगितलं आणि म्हणाली, "यातली हळद कुठं गेली रे?"

"कोणती हळद?"

"ते बोलून राहिले व्हते न् हळकुंडं मोडून बघून राहिले व्हते. ते मोडणं न्हाई यात."

हळकुंड वाळलं की खट्कन तुटतं, ओलं असलं की नुसतं वाकतं. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही कळतं. पुण्यात एक वर्ष काय काढलं, मला तो आवाज बिघाड वाटला.

"पण हळद तर मार्केटला गेली होती ना?"

"कशाची जाते! समदी खळ्यावर पडली व्हती. त्यांची पाठ धरलेली. आमी दोघांनीच उरकलं."

"मग मला खोटं काहून सांगितलं?"

"लेकराची नवी नोकरी. काहून तकलीफ द्यायची?"

मूळ फाइलवरच मी साफ केलेली जतन केली होती, त्यामुळे पुण्याला परतून कॅसेट पुन्हा लावणं आलं. जुनी फीत गुंतली असती तर सगळंच संपलं असतं. अर्धा तास मी टेपरेकॉर्डरपाशी हात आवळून बसलो. फीत नीट फिरली. या वेळी मी कशालाही हात लावला नाही.

माझं घर आता पुण्यात आहे, हप्ते फेडलेलं, माझ्या नावावरचं. तरी गावची आठवण आली की मी कॅसेटची ती नवी फाइल ऐकतो. बाबा "येऊ नको" म्हणतात आणि लगेच हळकुंड मोडतं. तेव्हा ओळखता आलं असतं तर मी त्याच दिवशी गाडी धरली असती, असं म्हणायला मला आवडेल. खात्री मात्र देता येत नाही.